शिवला तो बाद

आमच्या नाचणगावच्या ढाल कमिटीने एक काम मात्र नेमाने केलं आहे: दर हंगामाला एक नवा नियम. पुढच्या वर्षी नियम खोडला जातो, त्याचा किस्सा मागे राहतो. असे किस्से माझ्याकडे बरेच साठलेत, कारण कमिटीचे अध्यक्ष नानाजी हे माझे वडील. सगळं गाव त्यांना नानाजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. वर्ध्याचं कॉलेज अर्ध्यात सोडून आल्यापासून मला दुसरं कामही नाही.

ढाल हुतूतूच्या सामन्यांची, जिंकणाऱ्याला मिळणारी. संघ चार: पुलगावची मिल, रेल्वे, आमचा बाजार संघ, आणि नाल्यापलीकडचा संघ. नाल्यापलीकडचे म्हणजे कोण, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगतो. ज्यांना शिवलं की आमच्या घरी आंघोळ करावी लागते, ते. ढाल वर्ध्याच्या एका साहेबाने दिलेली, सगळ्यांना खेळू द्यायचं या अटीवर. कमिटीने ढाल आधी घेतली, अट नंतर वाचली.

* * *

पहिल्या वर्षी आमचा त्यांच्याशी सामना झाला.

हुतूतूत चढाई करणारा ज्याला शिवून परत जातो, तो बाद. त्याला परत जाऊ द्यायचं नसेल तर धरून ठेवायचं, त्याचा दम सुटेपर्यंत. त्यांचा श्रावण चढाईला आला. जिनिंगमध्ये हमाली करणारा, सडपातळ, लांब हाताचा पोरगा. तो एक पाऊल पुढे आला की आमचे सातही जण दोन पावलं मागे. धरायचं कोणी? एकेक करून सगळे शिवले गेले, सगळे बाद.

मग आमची चढाई. आमचा गडी मध्यरेषेवर उभा राहून हुतूतू हुतूतू म्हणायचा आणि दम संपायच्या आत परत फिरायचा. देवळात आरती म्हणून यावं तसा.

सामना संपल्यावर नानाजी आम्हाला रागावले. एवढे तूप खाऊन वाढलेले पोरं, अन् एकानंही त्याले धरलं नाई? मी म्हटलं, धरलं असतं तर घरात घेतलं असतं काय? त्यावर त्यांनी सांगितलं, आधी आंघोळ करून ये, मंग बोल.

धरलं कोणालाच नव्हतं. तरी आंघोळ करावी लागली.

* * *

गंगाराम टेलर कोणाच्या बाजूने, हे कोणाला कळत नसे. तो मिलसाठी ओरडायचा आणि लगेच रेल्वेसाठीही. एकदा मिलवाल्यांनी त्याला दम दिला की एक बाजू धर. तेव्हा उलगडा झाला. चारही संघांच्या चड्ड्या त्याने शिवलेल्या. तो माणसांकडे बघतच नव्हता, शिलाईकडे बघत होता.

नाल्यापलीकडच्यांची मापं त्याने टेप न लावता, दुरूनच, नजरेने घेतलेली. त्या चड्ड्या सुतळीने बांधून ते लोक खेळायचे.

आमच्या एका गड्याची चड्डी भर सामन्यात फाटली. सगळं मैदान हसलं. गंगाराम आत धावत गेला, वाकून फाटलेलं नीट पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कापड फाटलं. शिलाई नाई फाटली. माही टीम अजून जिवंत हाये."

गावात एका टीमशी इतका इमानी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

* * *

लागोपाठ दोन वर्षं ढाल नाल्यापलीकडे गेली, तेव्हा कमिटीला समतोल हा शब्द सापडला. शोधला मास्तरांनी. मास्तर म्हणजे रिटायर झालेले हेडमास्तर, कमिटीचे सेक्रेटरी. तेच ते जिंकू लागले तर लोक सामने पाहायला येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. लोक येत होते. पूर्वीपेक्षा जास्त येत होते, पण नाल्याच्या त्या बाजूने. मास्तरांच्या हिशेबात ते लोकांत धरले जात नसावेत.

समतोल साधायचा म्हणजे तोलायचं, असं ठरलं. जिनिंगमधला कापसाचा मोठा काटा आणला. दोन्ही संघांचं वजन सारखं हवं, हा नियम. त्यांचं वजन आधी झालं, मग पारडं धुवायचं की नाही यावर अर्धा तास गेला. शेवटी धुतलं, आणि आमचे लोक ओल्या पारड्यात बसले.

मास्तरांनी पाटीवर बेरीज केली. पुन्हा केली. आमच्या सात जणांच्या वजनाला त्यांचे नऊ लागत होते.

नियम तो नियम. त्या वर्षी ते नऊ जण खेळले, आम्ही सात. पुढच्या वर्षी नानाजींनी कमिटीत सांगितलं, "मास्तर, मानसं मोजा. वजन राहू द्या."

* * *

मग छप्पन साल आलं. दसऱ्याला नाल्यापलीकडचे सगळे नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले. निम्मे सामने झाल्यावर त्यांचा कॅप्टन नामदेव अर्ज घेऊन आला: संघाचं नाव आजपासून अशोकचक्र हुतूतू मंडळ असं लिहावं.

मास्तरांनी अर्ज ताबडतोब मंजूर केला. मला आश्चर्य वाटलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि समजावलं, की संघ नवा झाला, म्हणजे जुन्या संघाचे गुण जुन्या संघाबरोबर गेले. नव्याचे शून्य.

नामदेव म्हणाला, "जुनं सारं गेलं म्हनता?"

"सगळं."

"मंग बरं झालं, मास्तर. तेच पाह्यजे होतं आमाले."

उरलेले सगळे सामने त्यांनी जिंकले. मिल आणि रेल्वे एकमेकांना पाडत राहिले. ढाल पुन्हा तिकडेच गेली, फक्त नाव बदलून.

* * *

आता शेवटचा उपाय. पहिल्या आलेल्या संघाने आपला उत्तम गडी शेवटच्या संघाला एका हंगामासाठी द्यावा. सगळे सारखे होतील. या नियमावर नानाजींनी सही केली, कागद वर्ध्याला त्या साहेबाच्या ऑफिसात पाठवला आणि तिथला शिक्काही आणला. शेवटी रेल्वे येणार याची त्यांना खात्री होती, कारण रेल्वेचे निम्मे खेळाडू बदलून गेलेले. पण रेल्वेने नवे आणले.

हंगाम संपला. पहिले अशोकचक्र. शेवटचे आम्ही.

शिक्का बसलेला, कागद मागे घेता येईना. एखादा लंगडा गडी पाठवा, वाद मिटेल, असा निरोप कमिटीने गुपचूप दिला. अशोकचक्रवाल्यांची बैठक झाली. 'उत्तम' लिहिलं आहे तर उत्तमच द्यायचा, असं नामदेव म्हणाला. आपण कागद पाळू, ते पाळतात का पाहू. आणि श्रावण आमच्याकडे आला.

त्याच्या आईला बायकांनी विचारलं, आता तू कोणासाठी ओरडशील? ती म्हणाली, "टीम त्यायची हाये. दम माह्या घरचा हाये. मी दमासाठी ओरडीन."

तिला ओरडायची संधीच मिळेना. आम्ही कागद असा पाळला की शेवटच्या सामन्यापर्यंत श्रावणला बाजूला पोत्यावर बसवून ठेवला. एकदाही खेळवला नाही. हा किस्सा सांगताना मी कमिटीला नावं ठेवतो, पण त्या सात जणांत मीही होतो आणि मीही काही बोललो नाही.

* * *

शेवटचा सामना अशोकचक्रशीच. त्या दिवशी नागपूरहून रेल्वेचे साहेब आले. त्यांना आपल्या संघात एक गडी भरायचा होता, आणि भरती म्हणजे रेल्वेत खलाशाची, म्हणजे मजुराची, पक्की नोकरी. श्रावणचं नाव त्यांच्या कानावर गेलेलं. श्रावणला ते माहीत होतं. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं.

साहेबांनी मैदानावर नजर फिरवली. "जिसे देखने आया हूँ, वो लड़का कहाँ है?"

लोकांनी पोत्याकडे बोट दाखवलं. नानाजींना त्याला उतरवावं लागलं.

आता पंचाईत अशी, की बचाव करताना गडी एकमेकांचे हात धरून साखळी करतात. श्रावण कोपऱ्यावर, त्याच्या शेजारी मी. नानाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्याकडे फेकला. एक टोक त्याच्या हातात दे, एक तू धर.

नामदेव चढाईला आला, दुपट्ट्याला शिवला आणि हसत परत गेला. बाद कोण, यावर खेळ थांबला. वर्ध्याहून आलेले पंच ड्रिल मास्तर होते, विचार करून बोलणारे. त्यांनी निकाल दिला, "दुपट्टा ज्यांच्या हातात, ते दोघेही बाद."

आम्ही दोघे रेषेबाहेर बसलो. थोड्या वेळाने आमच्या गड्याने कसेबसे त्यांचे दोघे बाद केले आणि आम्ही जिवंत झालो. आत जाताना श्रावणने दुपट्टा उचलला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, हात धरता, का मी जाऊ घरी?"

मी हात धरला. तो माझ्या हाताएवढाच घामेजलेला होता.

नामदेव पुन्हा आला. श्रावणने त्याचा घोटा पकडला, त्याच्यामागे मी ओढला गेलो, माझ्यामागे बाजाराची सगळी पोरं. सात जण नामदेववर पडलो. कोणाचा हात कुठे होता ते कोणाला माहीत नाही. खालून हुतूतू बारीक होत होत थांबलं.

सामना आम्ही तरीही हरलो. पण साहेब खूष होते. कागद काढून नानाजींकडे आले. आमचे एक जिनिंगवाले, दोन दुकानदार, मास्तर, सगळे भोवती.

"लड़का किसका है?"

मोठ्या साहेबासमोर नानाजींची छाती नेहमीच फुगते. "आमचाच हाये, साहेब. आमच्या घरचाच समजा."

"बहुत अच्छा. तो आप ही के घर चाय पीते हैं, कागज वहीं भर देंगे. लड़के को भी ले चलिए."

नानाजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी गुणांच्या वहीत पाहिलं.

श्रावण गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. मान वर करून म्हणाला, "चाहा राहू द्या, साहेब. लय दम लागला हाये. मले नानाजीच्या घरचं निस्तं पानी चालंन."