डुबकीभाऊंचं राहिलेलं जहाज

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. सांगितली तेव्हा खोटी सांगितली. आता ऐंशीच्या घरात आहे. निदान खरी लिहून ठेवतो.

साहेब रागवायला लागले की आमच्या कचेरीतले डुबकीभाऊ श्वास कोंडून उभे राहत. साहेब आधी थांबले तर भाऊ जिंकले. बाहेर येऊन म्हणत, "आज साहेबातच दम नव्हता गा!"

हा दम नागपूरजवळच्या कन्हान नदीच्या डोहातला. दर रविवारी आमची पोरं बसने तिकडे नेऊन ते पोहायला शिकवत. "पाण्याशी भांडू नको बाबू, पाणी आपलंच हाय." हाच त्यांचा सगळा धडा.

समुद्र मात्र त्यांनी चित्रातच पाहिलेला. एकोणीसशे ऐंशीनंतर भाऊ आणि मी एलटीसीवर, म्हणजे कचेरीच्या प्रवास-सवलतीवर, अंदमानला गेलो. नौदलातून निवृत्त झालेला एक पाणबुड्या तिथे हौशी लोकांच्या पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून त्यांना बुडालेलं जहाज दाखवी. त्या जहाजाच्या ध्यासाने भाऊंची झोप उडाली होती. पाणबुड्याने बजावलं, "नीचे साँस कभी मत रोकना. साँस रोककर ऊपर आए तो फेफड़े फट जाएँगे." भाऊ हसले, "घ्या! जन्मभर केलं तेच इथं मना!"

आणि मग खाली! जांभळी, केशरी पोवळी. काही हरणाच्या शिंगांसारखी, काही कोबीच्या गड्ड्यांसारखी. वरून निळ्या माशांचे थवेच्या थवे. भाऊ पाण्यात टाळ्या वाजवत होते. पुढे जहाज कुशीवर पडलेलं दिसलं आणि मी घाईने पुढे घुसलो, गोल खिडकीतून आत डोकावलो. आतून भलामोठा मासा अंगावर आला. मी श्वास कोंडला आणि हातपाय झाडत वर सुटलो. भाऊंनी माझा पाय धरला. तोंडासमोर येऊन बुडबुडे सोडून दाखवत राहिले, मी श्वास सोडेपर्यंत. मग हळूहळू वर आणलं. माझी अवस्था बघून पाणबुड्याने नाव किनाऱ्याकडे वळवली. दुसऱ्या दिवशी आमची परतीची बोट होती. भाऊंचा जहाजाला हातही लागला नव्हता.

नागपुरात, माझ्या घरी जमलेल्या मंडळींना मी सांगितलं, "भाऊ घाबरले. माझा पायच धरला, म्हणून वर यावं लागलं." भाऊ दारातच उभे होते. माझी बायको कौतुकाने माझ्याकडे बघत होती, ते त्यांनी पाहिलं. म्हणाले, "हाव बाप्पा! लय भेव वाटलं मले."

सगळे हसले. पण पुढच्या रविवारपासून पोरं कमी होत गेली. घाबरणाऱ्या माणसाच्या हाती लेकरं कोण देणार? माझ्या मुलालाही मी पाठवलं नाही. पाठवलं असतं तर माझंच खोटं उघडं पडलं असतं. भाऊ काही रविवार बसथांब्यावर वाट बघत उभे राहिले. मग तेही बंद झालं.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी मुद्दाम गेलो. "भाऊ, ते अंदमानचं…" एवढंच म्हणालो, तर ते उशीला टेकून उठून बसले.

"हाव गा! तू तं आत पाह्यलं होतं ना? कसं होतं?"

मी सांगितलं. तिरपा जिना, त्याच्या पायऱ्यांवर उगवलेली पोवळी, वरून झिरपणारं हिरवं ऊन.

"अन् मंग?"

त्या क्षणात दिसलं ते सगळं सांगून झालं, तरी त्यांचं "अन् मंग?" थांबेना. मग मी न पाहिलेल्या खोल्याही त्यांना दाखवल्या. भाऊ डोळे मिटून हसत होते. त्यांना थांबवून, "भाऊ, घाबरलो होतो तो मी, मला माफ करा," एवढं म्हणणं मला काही जमलं नाही.