पिंजाईच्या दुकानातली मुलाखत

कारंज्यातल्या आमच्या दुकानात दुपारी तीनच्या सुमाराला तिरपं ऊन यायचं आणि त्या उन्हात रुईचे तंतू तरंगताना दिसायचे. मशीन बंद केलं तरी ते लवकर खाली बसत नसत. उंबऱ्याजवळ यायचे, बाहेर जातील असं वाटायचं आणि पुन्हा आत वळायचे. मी नर्सिंगचा फॉर्म भरला त्या वर्षाचं काहीही आठवायला घेतलं की आधी तेच दिसतं. तारखा, कागद, रांगा हे सगळं त्याच्या मागे कुठेतरी धूसर उभं असतं.

अब्बा पिंजारी. लोकांच्या जुन्या गाद्या, रजया उसवायच्या, दबलेली रुई मशीनमधून काढून मोकळी करायची आणि पुन्हा खोळीत भरून टाके घालायचे. तीस वर्षं त्या मशीनशेजारी उभं राहून त्यांचे कान मंद झाले होते. आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. आम्ही फक्त मीठ मागत असू.

बारावीनंतर मी दोन वर्षं घरीच होते. पहिल्या वर्षी अम्मीचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि तिच्याजवळ मी अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस राहिले. त्या अकरा दिवसांतलं बरंचसं मी विसरले. एक सकाळ तेवढी राहिली. अम्मी गाढ झोपली होती, रात्रभर कण्हल्यानंतर पहिल्यांदाच. सिस्टर चादर बदलायला आली. मी म्हटलं, "आत्ताच डोळा लागला तिचा, नंतर या ना." ती थांबली नाही. अम्मीच्या खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक हात, हळूच तिला कुशीवर केलं. अर्धी जुनी चादर गुंडाळत नेली, अर्धी नवी पसरत आणली, मग पलीकडे जाऊन तेच. अम्मीनं डोळे उघडले नाहीत. ओठ जरा हलले, एवढंच. आणि चादरीवर एकही चुणी नव्हती. गादीवाल्याच्या घरात वाढले होते मी, चुणी मला लगेच दिसते.

सिस्टर गेली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी इतका वेळ श्वास रोखून धरला होता.

घरी आल्यावर मी हे कुणाला सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. सांगायला गेलं तर त्यात काही घडलेलंच नव्हतं. पण अंगणात भांडी घासताना, कधी दुकानात खोळीला टाके घालताना ती सकाळ मनात यायची आणि दाभण हातातच राहायचं.

फॉर्म भरायला मी बस स्टँडजवळच्या ऑनलाइन केंद्रावर गेले. संगणकावर बसलेल्या दादानं विचारलं, "मधी दोन वर्षं गॅप दिसून राह्यला. कारण काय टाकू?" त्याच्यासमोर पर्यायांची यादी होती. मी विचार करत बसले. आजारी आईजवळ होते, मग ती बरी झाली तरी घरातच होते, मग हळूहळू घरात असणं हेच माझं काम झालं, हे कोणत्या पर्यायात बसतं? दादा वाट पाहून म्हणाला, "घरगुती टाकतो." आणि त्यानं टाकलं.

पंधरा-वीस दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. अकोल्याच्या एका संस्थेच्या नर्सिंग स्कूलनं मुलाखतीला बोलावलं होतं. हातात बारा दिवस होते.

गल्लीतल्या एका मुलीनं आधीच्या वर्षी अशीच मुलाखत दिली होती. तिनं मला प्रश्नोत्तरांचा झेरॉक्स कागद दिला. आपली ओळख इंग्रजीत, नर्सिंग का निवडलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता. सगळी उत्तरं गुळगुळीत होती. 'मला लहानपणापासून मानवसेवेची आवड आहे.' मी ती पाठ केली. चुलीवर पाणी तापेपर्यंत पाठ, केस विंचरताना पाठ.

म्हणून दाखवायला माणूस हवा होता. अम्मी म्हणाली, "मले इंग्लिश कुठी समजते? तुया बापाले दाखव."

दसरा होऊन गेला होता आणि दुकानात गाद्यांचे ढीग लागले होते. अब्बांनी मशीन बंद केलं, डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं आणि लोडाला टेकून बसले. मी समोर उभी राहिले.

"विचारा, नर्स काहून व्हायचं आहे?"

"काहून व्हायचं आहे?" अब्बांनी विचारलं.

"मला लहानपणापासून मानवसेवेची आवड आहे."

"काय?"

"मला लहानपणापासून मानवसेवेची आवड आहे!"

"कायची आवड?"

"मानवसेवेची!" मी ओरडले. शेजारच्या किराणावाल्यानं मान बाहेर काढली. रस्त्यावरची एक बाई थबकली. ते वाक्य बाहेर उन्हात जाऊन उभं राहिलं आणि माझे कान तापले. हळू बोलताना त्या वाक्याचं काही वाटत नव्हतं. ओरडून म्हटल्यावर ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे हे मलाच ऐकू आलं.

अब्बांनी रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. मग म्हणाले, "लहानपणी तं तू चिंचा चोरत होती, बेटा."

रोज दुपारी आम्ही बसू लागलो. कागदावरचे प्रश्न दोन दिवसांत संपले आणि अब्बा स्वतःचे विचारू लागले. पेशंटनं गोळी थुंकली तर काय करशील? डॉक्टर उगाच रागावला तर? एकाच वेळी दोघांनी हाक मारली तर आधी कुणाकडे जाशील? गिऱ्हाइकंही थांबून ऐकत. एक आजी रजई भरून घ्यायला आली होती, तिनं काठी जमिनीवर आपटून मला विचारलं, "अन् माह्यासारखी म्हातारी म्हणे, मले तुया हातानं खायचं नाही, दुसरीले बोलाव. मंग काय करशीन व?"

कागदावर हे नव्हतं.

"दुसरीला बोलावीन," मी शेवटी म्हटलं.

"रडशीन नाही?"

"नंतर रडेन. बाहेर जाऊन."

आजीनं अब्बांकडे वळून सांगितलं, "पोरगी बरी आहे तुयी." त्यांना ते ऐकू गेलं नसावं, पण तिचा चेहरा बघून त्यांनी मान हलवली.

त्या दुपारी कशा गेल्या ते मला नीट सांगता येणार नाही. मशीन थांबलेलं, रुईचा उबदार वास, डोळ्यांवर येणारी गुंगी, आणि मी मोठमोठ्यानं अशा पेशंटांबद्दल बोलतेय जे अजून आजारीसुद्धा पडलेले नाहीत. कधी मला वाटायचं मुलाखत झालीच नाही तरी चालेल, हे असंच चालू राहावं. एकदा बोलता बोलता ती चादरीची गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली. अब्बांनी पूर्ण ऐकली. "काय?" असं एकदाही विचारलं नाही. मग उठून मशीन सुरू केलं आणि त्या आवाजात मला काहीतरी म्हणाले. ते काय होतं, मला ऐकू आलं नाही. नंतर विचारायचं राहून गेलं.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही मूर्तिजापूरमार्गे जाणारी सकाळची एसटी धरली. शेतांवर पातळ धुकं होतं. सोयाबीन निघून गेलं होतं, तुरीला पिवळा फुलोरा होता आणि मधूनमधून फुटलेला कापूस. खिडकीच्या काचेला डोकं टेकून मी उत्तरं आठवत होते आणि ती एकेक करून निसटत होती. अब्बांनी धुतलेला पांढरा कुडता घातला होता. तरी खांद्यावर रुई होतीच. मी ती वेचू लागले, तर म्हणाले, "राहू दे."

स्कूलच्या लांब व्हरांड्यात पन्नासेक मुली भिंतीला टेकून ओठ हलवत बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले. माझं नाव पुकारलं तेव्हा मला ते ओळखूच आलं नाही. अब्बांनीच कोपरानं ढोसलं. त्यांना कसं ऐकू आलं कोण जाणे.

आत तिघं होती. मधे पिकल्या केसांच्या प्राचार्य मॅडम, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला वहीत लिहिणारी एक तरुण टीचर. ओळख करून द्यायला सांगितली. मी सुरू केली.

डॉक्टरांनी हात वर केला. "अहो, हळू. आम्हाला ऐकू येतं."

"सॉरी सर. वडिलांना कमी ऐकू येतं. घरी अशीच सवय आहे."

टीचरनं खाली बघून हसू दाबलं. मॅडमनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. "नर्सिंग का?"

"मला लहानपणापासून..." एवढं बोलून मी थांबले. पुढचं वाक्य तयार होतं, पण ते बाहेर यायला तयार नव्हतं. मग मी अम्मीचं सांगितलं. ती सकाळ, ती चादर. दोन मिनिटांत संपलं. इतकं लहान वाटलं की मला लाज वाटली.

मॅडम उठल्या. "करून दाखवता?"

शेजारच्या खोलीत शिकवण्यासाठीची खाट होती आणि तिच्यावर एक प्लास्टिकचा पेशंट छताकडे बघत पडलेला. मी खांद्याखाली हात घातला, कमरेखाली हात घातला, त्याला कुशीवर केलं. जुनी चादर गुंडाळली, नवी पसरली. सगळं मला आठवत होतं. हात जणू तेच काम रोज करत असल्यासारखे चालत होते. मग मी खाटेला वळसा घालून पलीकडे निघाले, आणि माझ्या मागे धप्प असा आवाज झाला.

पेशंट खाली पडला होता.

मी धावले, गुडघ्यांवर बसले, त्याच्या मानेखाली हात घातला आणि माझ्या तोंडून निघालं, "लागलं का?"

टीचर आता मोकळी हसली. मॅडम हसल्या नाहीत. "कठडा असतो खाटेला," त्यांनी सांगितलं. "तो वर करायचा आणि मगच पलीकडे जायचं. त्या सिस्टरनंही केला असेल, तुम्ही पाहिला नाही." आणि मग जरा थांबून, "आधी मान का धरलीत?"

"माहीत नाही मॅडम."

"बरं. या तुम्ही."

बाहेर अब्बा उभेच होते. "काय झालं?"

"पेशंट पडला, अब्बा!" मी सवयीनं ओरडले. अख्खा व्हरांडा माझ्याकडे वळला.

"मंग?"

"मंग उचलला."

अब्बांनी काळजीनं विचारलं, "जिता आहे ना?"

"प्लास्टिकचा होता."

ते आधी खुदखुदले, मग हसू आवरेना. खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं, भिंतीला हात टेकून उभे राहिले. मला रडायचं होतं, पण त्यांच्याकडे बघून मलाही हसू फुटलं. परत येताना सगळ्या रस्त्यात आम्ही मधूनच एकमेकांकडे बघून हसत होतो. कंडक्टरला वाटलं असेल, आमच्याकडे काही चांगलं घडलंय.

यादी लागली तेव्हा माझं नाव वेटिंगवर चौथं होतं. अम्मी म्हणाली, चौथं म्हणजे जवळच. अब्बा पुढची गादी उसवू लागले. मी पुन्हा दुकानात टाके घालू लागले. थंडी वाढली, गाद्या येत राहिल्या. तीन आठवड्यांनी अम्मीनं फोन कानाला धरूनच मला हाक मारली. एका मुलीनं दुसरीकडे प्रवेश घेतला होता, दोघी आल्याच नव्हत्या, एकीचे कागद अपुरे होते. मी परवापर्यंत हजर व्हायचं होतं. गादी आपली आपण आणायची, असंही फोनवरच्या बाईनं सांगितलं.

अब्बांनी त्या दिवशी गिऱ्हाइकांना परत पाठवलं. नवी रुई काढली. टाके मी घालते म्हटलं तर हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत गादी तयार झाली, पातळ, सारखी, अरुंद खाटेच्या मापाची. ती गुंडाळून दोरीनं बांधताना ते इतकंच म्हणाले, "महिन्यातून एकदा उन्हात टाकजो."

होस्टेलच्या खोलीत माझ्याआधी एक मुलगी आली होती, मेडशीची. घरची शेती, गळ्यात निळ्या दोऱ्यातलं बुद्धाचं लहान पदक. तिनं पिशवीभर तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. आम्ही गच्चीवर जाऊन उन्हात पाय पसरून त्या सोलू लागलो. तीही वेटिंगवर होती म्हणाली, दुसरी.

"तुले काय विचारलं होतं व?" तिनं मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. हिरवे दाणे तळहातावर घेऊन ऐकत राहिली.

"अन् तुले?"

"मले फक्त विचारलं, गावाहून येताना काय काय दिसलं. मी सांगत बसली. पूल, वीटभट्टी, मेंढरं. लय वेळ बोलली मी. मंग म्हणे, या." तिनं एक दाणा तोंडात टाकला. "काहून विचारलं असंन तसं?"

मी पुढची शेंग सोलली. दूर कुठेतरी रेल्वेची शिट्टी झाली. गच्चीवर वाळत घातलेले पांढरे युनिफॉर्म वाऱ्यानं फुगत होते आणि पुन्हा सपाट होत होते. मग खालून वॉर्डन मॅडमनी नव्या मुलींना रजिस्टरमध्ये सही करायला बोलावलं आणि आम्ही ओढणीतली टरफलं झटकून जिना उतरलो.