घरतकाका आणि खचलेला बेंचमार्क

घरतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या ऑफिसात कोणाशी तरी तावातावाने भांडत होते. "मॅडम, बाबा पहाटे गेले," एवढंच त्यांची मुलगी म्हणाली. भांडण कशावरून होतं ते आता आठवतही नाही. महिना होत आला... अजूनही साइटवरून मोजमापांचा कागद आला की मी आधी अक्षर बघते.

हरिश्चंद्र घरत हे काही पेपरात छापून येणारं नाव नव्हे. उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातले, मिठागरं गेल्यावर सर्व्हेचं काम शिकलेले. माझं काम कॉम्प्युटरवर, थंड खोलीत. द्रोणागिरीकडे खाडीच्या चिखलावर गोदाम उभं करायचं तर आधी मुरुमाचा उंच भराव घालून जमीन दाबून घ्यावी लागते. ती किती दबेल आणि किती महिन्यांत, हे मी पडद्यावर काढते. पण कॉम्प्युटरला आधी सांगावं लागतं, चिखल किती मऊ आहे, त्यातलं पाणी किती सावकाश निघतं. प्रयोगशाळेतला मूठभर नमुना याचं धड उत्तर देत नाही. म्हणून उलटा हिशोब करायचा. जमीन दर आठवड्याला प्रत्यक्षात किती खाली गेली ते मोजायचं, आलेखावर ठिपके मांडायचे, आणि माझी रेघ त्या ठिपक्यांवर बसेपर्यंत चिखलाचे आकडे बदलत राहायचं. ठिपके घरतकाकांचे, रेघ माझी. पहिल्या भेटीत मी त्यांना हे सगळं ऐटीत समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे चिखलालाच इचारायचं, तू कसा हायेस. आमी मिठागरात तेच करायचो, पायानं." मी हसले होते. फार शहाणी होते ना मी!

दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच एका गोदामाच्या कामात आठव्या महिन्यात रेघ आणि ठिपके असे काही जुळले की मी तो आलेख छापून टेबलासमोर चिकटवला. जमीन दबायची जवळजवळ थांबली होती. भराव काढा, पाया घाला, असा अहवाल तयार होता, सोमवारी द्यायचा होता. शनिवारी दुपारी घरतकाका चिखलाच्या बुटांनी थेट माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, तो कागद देऊ नका. माजे आकडे चुकलेत." सगळ्या उंच्या ते भरावाजवळच्या एका काँक्रीटच्या ठोकळ्यावरून मोजत. तो आमचा बेंचमार्क, म्हणजे कधीच न हलणारी खूण. "अमावस्येच्या उधाणाला पानी ठोकल्याला लागलं. कवा लागत नाय. पानी तर तेवढंच हाय, ठोकलाच खाली गेलाय." कंत्राटदाराने उरलेला मुरुम ठोकळ्याच्या अंगाला टाकला होता, त्या वजनाने तो खचत होता. ठोकळा आणि जमीन बरोबरीने खाली चाललेली, त्यामुळे कागदावर जमीन थांबल्यासारखी दिसत होती. काका नुसत्या संशयावर आले नव्हते. डोंगराच्या पायथ्याच्या देवळाची पायरी खडकात आहे, तिथून साइटपर्यंत दोन दिवस लेव्हल घेत, म्हणजे टप्प्याटप्प्याने उंची मोजत, ते आले होते. ठोकळा चांगला चार बोटं उतरला होता. "बसवला मीच व्हता. मुरुम टाकताना मी बगायला पायजे व्हतं," ते म्हणाले.

खरं सांगते, मला राग आला. "काका, एवढं छान जुळलंय हो... थोडाफार फरक चालतो," असंही मी म्हणाले. "चुकीच्या आकड्याला जुललंय ना पन," ते म्हणाले आणि उभेच राहिले. मी हिशोब पुन्हा केला. चिखल मी धरला होता त्यापेक्षा बराच मऊ निघाला आणि भराव आणखी चार महिने ठेवावा लागणार होता. पाया तेव्हाच घातला असता तर ते गोदाम वर्षभरात तडकलं असतं.

बैठकीत कंत्राटदाराचा इंजिनिअर भडकला. बेंचमार्क सांभाळता येत नाही त्या माणसाला कामावर ठेवलंच कशाला, म्हणाला. मग मालकांपैकी एकजण माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं मॅडम, वेळेत तुमच्या लक्षात आलं." घरतकाका बाहेर बाकावर बसले होते. मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांना त्या कामावरून काढलं. पुढे मी त्यांना माझ्या प्रत्येक कामावर बोलावलं, त्यांच्या मुलीच्या लग्नात मिरवले, आणि झालं ते फिटलं अशी स्वतःची समजूत घातली. त्या बैठकीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी तर नाहीच.

त्यांचे दिवस झाल्यावर घरी गेले. काकूंनी चहा दिला आणि कपाटातून मोजमापांच्या वह्यांचा गठ्ठा आणून समोर ठेवला. त्या उधाणाच्या आठवड्याची वही मी उघडली. जुना एकही आकडा खोडून काळा केलेला नव्हता. प्रत्येकावर एक बारीक आडवी रेघ, शेजारी नवा आकडा आणि खाली सही. काकू म्हणाल्या, "त्या टायमाला यांना कामावरना काढलं, तवा तुमी एकट्याच मिटिंगमदी यांच्यासाठी भांडलात. आसं ते सगल्यांना सांगायचे."

मान डोलावली असती तर भागलं असतं. ती उघडी वही मांडीवर होती.

"नाही काकू. मी गप्प बसले होते. चूक त्यांनी शोधली हेसुद्धा मी सांगितलं नाही. लोकांना वाटलं, मीच शोधली... आणि मी वाटू दिलं."

चहावर साय धरली.

"मंग हे त्यांना सांगायचं व्हतं," काकू म्हणाल्या. रागावून नाही, राहून गेलेलं काम सांगावं तसं. मग बाकीच्या वह्या माझ्याकडे सरकवल्या, पण मांडीवरची ती एक वही उचलून परत कपाटात ठेवली.