काचेपासून लांब

बहिणीने आम्हाला दुबईला बोलावलं, तेव्हा बाबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तीस वर्षं त्यांनी मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम केलं. लिफ्टच्या लोखंडी पिंजऱ्यात उभं राहून अंधारात उतरायचं आणि पाळी संपली की वर यायचं. अशा माणसाला उंचीचं काही वाटेल, हे बालाघाटहून निघताना कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

बहीण कामावर होती, म्हणून आई-बाबांना तिथल्या उंच मनोऱ्यावर मीच घेऊन गेलो. मिनिटभरात लिफ्ट शंभरावर मजले चढली. दार उघडलं तर समोर काचेची भिंत आणि चहूकडून नुसता उजेड. आई सरळ काचेशी गेली. बाबा दोन पावलं चालले आणि मागच्या भिंतीला हात टेकून थांबले.

"चला नं बाबा, एवढ्या लांब आलो."

"तू जाय. मी इथंच आहो."

मी त्यांचा हात धरून ओढला.

"ओढू नोको," ते हळूच म्हणाले. दुसरा हात त्यांनी भिंतीवरून काढला नाही.

"काहून घाबरून राह्यले? काच मजबूत आहे." माझ्या आवाजात वैताग होता, तो मला आजही ऐकू येतो.

"हौ, माहीत आहे मले. खाणीत डोक्यावर दगड राह्यते. तो काय म्हणते, पडन का टिकन, ते आवाजानं समजते. इथं धराले काईच नाही."

मी त्यांना आतल्या बाकावर बसवलं. "खाली कधी भेव नाही वाटलं?"

"वाटे नं. रोज वाटे." ते बुटांकडे पाहत होते. "कोनं विचारलं नाही."

खरंच होतं ते. बाबांना भीती नसते, हे घरात आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात आई आली. ती त्यांना टोकेल असं वाटलं, पण ती शेजारी बसली. "आयका. समुद्र आहे, पण निळा नाही, राखेसारखा दिसते. एका गच्चीवर पाण्याचा हौद आहे, त्यात एक माणूस पोहून राह्यला."

"एकटाच?"

"हौ, एकटाच."

"अन् वाळवंट कोणीकडं आहे?"

आई उठली, पाहून आली आणि तिने सांगितलं. अशा तिच्या चार-पाच खेपा झाल्या. मी काचेशी जेमतेम उभा राहिलो. बहुतेक वेळ या दोघांकडेच पाहत होतो.

बालाघाटला परतल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं, "वरून कसं दिसते हो?" मी घाईघाईने काहीतरी बोलणार होतो, पण बाबाच म्हणाले, "मी काचेजवळ गेलोच नाही. भेव वाटलं. हिनं पाह्यलं, हिले विचारा."

काका थोडं हसले. आईने सोलायला घेतलेल्या तुरीच्या शेंगांचं सुपडं बाजूला सरकवलं आणि ती सांगायला लागली. बाबाही खुर्ची जवळ ओढून ऐकत बसले.