पुठ्ठ्याआडचा नळ

तर दोन पाय बाहेर आणि बाकीचा माणूस गाडीच्या पोटाखाली, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. ते पाय बाईंडरचे. छापखान्यात पुस्तकं बांधण्यात त्याची हयात गेली, पण गल्ली त्याला ओळखायची ती खटपट्या म्हणून. गाडी तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, लग्नाच्याही आधीची. त्याच्याकडे आल्यापासून तिनं गॅरेजचं तोंड पाहिलं नाही. पाण्याच्या पंपाचं पॅकिंग फाटलं, तर गड्यानं बाईंडिंगचा पुठ्ठा घेतला, बेतून कापला, तेलात भिजवला आणि बसवून मोकळा. सीट उसवली, तर जाडजूड शब्दकोश शिवावा तशी दुहेरी दोऱ्यानं शिवली.

शेजारी म्हणायचे, "अहो, एकदा हिला छान कव्हर घाला आणि कपाटात ठेवून द्या."

"कपाटातलं कोण वाचतंय? ही रोज वाचली जाते," हा गाडीखालूनच उत्तर द्यायचा.

एकदा काय झालं, उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकायला लागलं. आतली सुई झिजली होती. ती बदलली असती की विषय संपला असता. पण घरात मोडीत काढलेल्या स्कूटरचा पेट्रोलचा नळ पडला होता, आणि खटपट्याचे हात शिवशिवत होते. त्यानं तो नळ पेट्रोलच्या नळीत मधोमध बसवला. गाडी उभी केली की बंद करायचा, निघताना उघडायचा. वर हौसेनं त्याच्यापुढे काळा रंग दिलेला पुठ्ठा उभा केला, इतका बेमालूम की बॉनेट उघडणाऱ्याला गाडीचाच पत्रा वाटावा.

"चोरानं पळवलीच, तर आत उरलेल्या पेट्रोलवर पुलापर्यंत जाईल," छापखान्यात तो रंगवून सांगायचा, "आणि पुलावर बसेल डोक्याला हात लावून."

आता त्याची बायको. गाडी चालवण्यात ती त्याच्यापेक्षा सरस. गिअर कधी बदलला ते मागच्या सीटवर कळायचंसुद्धा नाही. ती म्हणाली, "अहो, तो नळ मला दाखवून ठेवा."

"दाखवतो गं. मी कुठे पळून चाललोय?"

तिनं दोनदा विचारलं. मग सोडून दिलं.

पुढे हा कागद निवडायला दोन दिवस परगावी गेला आणि नेमका तेव्हाच निरोप आला: तिच्या वडिलांचं काही खरं नाही, असशील तशी नीघ. तिनं किल्ली घेतली. गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि पुलावर जाऊन थांबली. नळ उघडायचा राहिला हे तिला लगेच कळलं. बॉनेट उघडून ती शोधत राहिली. एक ट्रकवाला थांबला, एक सायकलवाला थांबला. तिघांची डोकी आत, टाकीत पेट्रोल, आणि नळाचा पत्ता नाही. दीड तासानं तिनं बस धरली. ती पोचली तेव्हा वडील जाऊन अर्धा तास झाला होता. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते, असं भावानं सांगितलं.

खटपट्या परतला तेव्हा तिच्या नखांत अजून काळं होतं. ती रागावली नाही. म्हणाली, "नळ सापडला नाही हो मला."

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. पण माणूस कोंडीत सापडला की आधी अंग काढून घेतो. याच्या तोंडून निघून गेलं, "समोरच तर होता."

दुसऱ्या दिवशी त्यानं पुलावरून गाडी घरी आणली आणि, ती अंघोळीला गेल्याचं पाहून, पुठ्ठा उपटून फाडला. आठवड्यात नवी सुई आली, नळ निघाला. गाडी कुणाच्याही हाती सुरळीत चालेल अशी झाली, पण बायको पुन्हा चालवायच्या सीटवर बसली नाही. आपल्याला गाडीतलं काही कळत नाही, हे तिनं मनाशी धरून टाकलं.

वर्षं गेली तसा त्या दिवसाचाही तिनं किस्सा करून टाकला. चारचौघांत सांगायची, "समोरचा नळ दिसेना, अशी मी हुशार." पाहुणे हसायचे. हाही हसायचा आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत जायचा. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करता करता अकरा वर्षं झाली.

परवा लेक आणि जावई नवी गाडी घेऊन आले. चहा झाल्यावर लेकीनं किल्ली पुढे केली. "आई, चल, तू चालव."

"नको गं बाई. जिला समोरचा नळ दिसला नाही, तिच्या हाती नवी कोरी गाडी देतेस?"

जावई हसला. लेक हसली नाही. ती बापाकडे वळली. "बाबा, आई अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. तिला नळ दिसला नाही? खरंच समोर होता?"

बायकोच्या ओठांवर हसू तसंच होतं. नजर मात्र किल्लीवर खिळली होती. त्यानं कप खाली ठेवला.

"नव्हता समोर. मी त्याच्यापुढे काळा पुठ्ठा लावला होता, चोराला सापडू नये म्हणून, आणि तुझ्या आईला दाखवायचा राहिला. आल्या आल्या हे सांगायला हवं होतं, पण भ्यालो आणि समोर होता म्हणालो. तिचं काहीच चुकलं नव्हतं गं. इतकी वर्षं ती स्वतःला हसत होती आणि मीही बसलो होतो हसत."