बंद गाडीत पाहिलेलं तेल

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. बायकोले नाही, पोराले नाही, भाऊजीले तर नाहीच. तुमच्यापाशी काहून बोलून राहिलो — तुम्ही ओळखीचे नाही म्हणून? असन.

मी चिखल्याच्या खाणीत फिटर होतो. तीस वर्षं डंपर उघडले, बांधले. घमेंड होती मले, लपवत नाही. माही मोठी बहीण, तिले आम्ही बाई म्हणो. तिच्या नवऱ्याचा, भाऊजीचा, डावा पाय अधू — क्लच दाबता येत नव्हता, म्हणून त्यायनं ऑटोमॅटिक गाडी घेतली. गेअरचं तेल बदलाची वेळ आली तवा मीच म्हणलो, गॅरेजात कायले नेता, अंगणात करून देतो.

गाडी लाकडी ठोकळ्यायवर चढवली. खाली घमेलं ठेवून काळं पडलेलं तेल काढलं, नवं लाल तेल भरलं. बाई पायरीवर बसून गाडीचं पुस्तक वाचून राहिली होती. मास्तरीण ना ती, छापलेलं सगळं वाचाची. मी इंजिन बंद ठेवूनच तेल मोजाची पट्टी काढली. तेल बरोबर खुणेवर होतं.

"दिनू, इथं लिवलं हाये — गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून पाहाचं."

"डंपरचं तेल आमी बंदच पाहातो. तू पोरं शिकव, मले नको शिकवू."

हसली ती. पुस्तक मिटून घरात गेली.

डंपरच्या इंजिनाचं तसंच पाहातात, खरं हाये. पण हे गेअरचं तेल. इंजिन सुरू झालं का ते आत ओढलं जाते, मंग पट्टीवर खरं दिसते. मी लिटरभर तरी कमी भरलं होतं.

दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, बाईच्या छातीत कळ आली. भाऊजी तिले घेऊन तुमसरले निघाले. अर्ध्या रस्त्यात, चढावर — इंजिन नुसतं ओरडे, गाडी हाले ना. दुसरी गाडी भेटेपर्यंत पाऊण तास गेला. बाई मागच्या सीटवरच गेली.

इथपर्यंत तुम्ही चूक म्हणाल. पण पुढचं? त्याले काय म्हणाल?

गाडी ओढून आणली. घरात बाया रडून राहिल्या होत्या. मी अंगणात एकटा. इंजिन चालू केलं, पट्टी काढली — कोरडी. डिक्कीत उरलेलं तेल होतं, ते भरलं. रिकामा डबा उकिरड्यात खुपसला. हात धुतले आणि आत जाऊन रडलो. रडणं खरं होतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी चार लोकायसमोर गाडी फिरवून दाखवली. मस्त धावली. मी म्हणलो, "गाडीत काहीच नाही, भाऊजी. घाबरून तुमच्याच हातून गेअर चुकला असन."

भाऊजी आपल्या पायाकडे पाहात राहिले.

बाईनं मले काय सांगतलं होतं, ते फक्त बाईले माहीत होतं. मले तवा बरं वाटलं — हो, बरंच वाटलं.

भाऊजीनं मंग स्टेअरिंगले हात लावला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगतात, माह्याच हातानं गेली ती. मी बाजूले बसून चहा पेतो.

गाडी त्यायनं मलेच देऊन टाकली. माह्या अंगणात उभी हाये. तेल वेळेवर बदलतो. गरम करून, इंजिन चालू ठेवून पाहातो.