धूर जायला जागा

आक्का गेली त्याला दीड महिना झाला. आमच्या इमारतीत दुपारी चारला पाणी येतं, आणि ती कधी पाणी चुकवायची नाही. त्या दिवशी माझी पिंपं भरली, समोरच्या मंगलची भरली, तरी आक्काचं दार बंद. मंगलनं दोनदा थाप मारली आणि म्हणाली, "शालू, आत शेगडीचा वास येतोय, पण ही ओ देत नाही गं." पुरुषमाणसांनी कडी तोडली. आक्का चटईवर कुशीला वळून निजली होती, डोक्याखाली हात घेऊन. शेगडीवर कुळीथ शिजून गाळ झाले होते... डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या खोलीत शेगडीचा वायू साठला. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातं.

घाटकोपरला आमची बैठी चाळ होती तेव्हापासून आमची भिंतीला भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हा कोणाशी बोलायची नाही. आक्का मालवणकडची, विधवा, जिभेची तिखट. तिनं मला न बोलता करायचं काम दिलं, शेगडी भरायचं. तेलाचा रिकामा डबा ती स्वतः कापायची, खाली हवेला तोंड ठेवायची. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाच्या वखारीतला भुसा ठासायचा, मग बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची. भोक ढासळलं तर सगळं पहिल्यापासून. माझा हात हलका, म्हणून भरायचं काम माझ्याकडे आलं. एकदा पेटवली की चार तास बघावं लागायचं नाही. भात, आमटी, आंघोळीचं पाणी, सगळं तेवढ्यात. भुसा वखारवाले फेकूनच देत. चाळीतल्या निम्म्या घरांत तिच्या हातच्या शेगड्या होत्या. धूर कौलांच्या फटीतून निघून जायचा, आमच्या कधी ध्यानातही आला नाही.

मग चाळ पाडून चार मजली इमारत बांधायचं ठरलं. बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला. सगळे विचारत होते, मोरी आत का, गॅलरी किती फुटांची. आक्कानं कागदावर बोट ठेवून विचारलं, "हयसून धूर खंय जातलो?" लोक हसले. तो म्हणाला, "मावशी, आता धूर कुठला? सगळ्यांकडे गॅस येईल." स्वयंपाकघराला एकच खिडकी होती, तीही दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या बोळात उघडणारी. बोळ वरून उघडा, पण खालचा धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत प्रत्येक खिडकीत डोकावून मगच बाहेर पडे.

गॅसला नंबर लावून आक्काला तीन वर्षं झाली होती. रॉकेल रेशनवर मिळे तेवढं मिळे. ती शेगडीच पेटवत राहिली. बाकीच्यांनी आपापल्या भंगारात घातल्या, मीसुद्धा.

वरच्या मजल्यावरच्या बायकांचे कपडे त्या बोळात वाळत. काजळी बसू लागली तशी कुरकुर सुरू झाली. सेक्रेटरींच्या घरी बायका जमल्या, मीही कोपऱ्यात बसले होते. आक्काला सांगायचं कोणी? प्रत्येकीला तिच्या तोंडाची भीती. मग एक म्हणाली, "शालू सांगेल. हिचं ती ऐकते." मला नाही म्हणता आलं नाही. मला कधीच कोणाला नाही म्हणता येत नाही.

मी गेले तेव्हा ती भुसा चाळत होती. मी म्हटलं, "आक्का, शेगडी पेटली की खिडकी लावून घेत जा. वर धूर जातो."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तोंड तुजा गो, आवाज दुसऱ्याचो."

मी खाली सांडलेला भुसा गोळा करू लागले.

"बरा. तू सांगतंस म्हणान लावतंय," ती म्हणाली. वर हसून, "माझ्या खोलयेत माकाच धुरी."

तिनं तसंच केलं. सुरुवातीचा धूर सोसायची, खोकायची. पुढं भुसा नुसता धुमसतो, धूर दिसत नाही, तेव्हा तिलाही वाटलं असेल की आता काही नाही. मलाही तसंच वाटलं. कपडे स्वच्छ राहिले. बायका मला म्हणाल्या, बघ, जमलं की तुला... आठव्या दिवशी ती गेली.

आता जिन्यात सूचना लागली आहे, शेगडी वापरू नये. म्हातारी हट्टी होती, असं सगळे म्हणतात. खिडकीचं कोणी बोलत नाही. बहुतेकांना ते आठवतही नसेल.

परवा तिची मुलगी कुंदा मुलुंडहून खोली आवरायला आली. भांडी तिनं गोणीत भरली, आणि शेगडी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. राख झटकून पुसून आणली होती. म्हणाली, "मावशी, ही तुम्ही ठेवा. आई सांगायची, शालूसारखी शेगडी कोणाला भरता येत नाही." मग तिनं विचारलं, "खोली कोंडलेली होती म्हणतात. ती खिडकी का लावायला लागली, तुम्हाला काही म्हणाली होती का?"

मी मान हलवली, नाही म्हणून. हात पुढे केले आणि शेगडी घेतली.